स्वच्छ रक्ताचा शोध

इटलीतल्या व्हिचेन्झाजवळच्या त्रिस्सिनो गावातला नॉनस्टिक थराशी नातं असलेल्या रसायनांचा बंद पडलेला कारखाना विकला गेला आणि त्याची यंत्रं रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आली. ही बातमी वाचल्यापासून चिपळूण-खेडकडचे ओळखीचे लोक एकच प्रश्न विचारतायत: घरातला नॉनस्टिक तवा टाकून द्यायचा का? यातल्या बऱ्याच जणांनी २०१९चा ‘डार्क वॉटर्स’ हा सिनेमा पाहिलाय आणि तव्याची धास्ती तिथूनच आलीय.

तर आधी तवा. टेफ्लॉनचा थर जवळपास निष्क्रिय असतो, खरवडलेला कण पोटात गेला तरी तसाच बाहेर पडतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर तापत ठेवू नये, एवढं पथ्य पुरे. घोर लागायला हवा तो हा थर बनवताना वापरलेल्या रसायनाचा. कढी फुटू नये म्हणून ताकाला बेसन लावतात ना, टेफ्लॉनच्या कारखान्यात ते बेसनाचं काम पीएफओए नावाचं रसायन करत असे. पाण्यात टेफ्लॉनचे बारीक कण तयार होतात, ते एकमेकांना चिकटून गोळा होऊ नयेत म्हणून. फरक एवढाच की बेसन कढीतच राहतं, आपण खातो आणि पचवतो. पीएफओए सांडपाण्यातून नदीत जातं, गाळातून जमिनीत मुरतं, आणि ते सहजी पचवणारा जीव निसर्गात नाही. कार्बन आणि फ्लोरिनचा बंध सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या सगळ्यात चिवट बंधांपैकी एक. शरीरात गेलं की पीएफओए रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून बसतं, मूत्रपिंडं ते बाहेर टाकायच्या ऐवजी पुन्हा आत ओढून घेतात. शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच दोन ते चार वर्षं लागतात.

सिनेमाची गोष्ट खरी आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गचा शेतकरी विल्बर टेनंट याच्या गाई मरत होत्या. त्याच्या कुरणातून वाहणाऱ्या ओढ्याच्या वरच्या अंगाला टेफ्लॉन बनवणाऱ्या ड्युपाँट कंपनीची कचराभूमी होती. गावातले पशुवैद्य यायला तयार होईनात, तेव्हा त्याने मेलेली जनावरं स्वतः फाडली. काळे पडलेले दात, भलत्याच रंगाची आतडी, एका वासराचा निळाशार डोळा, सगळं व्हिडिओ कॅमेऱ्यासमोर धरलं. त्या टेपा घेऊन तो १९९८मध्ये सिनसिनाटीच्या रॉब बिलॉट या वकिलाकडे गेला. बिलॉट तोवर रसायन कंपन्यांच्याच बाजूने उभा राहायचा. त्याची आजी पार्कर्सबर्गजवळ राहायची, या ओळखीवर तो हो म्हणाला. मार्क रफेलोने हा वकील फार समजून उभा केलाय. ऑफिसच्या जमिनीवर बसून १ लाख १० हजार पानं एकट्याने लावणारा माणूस पडद्यावर रंगवणं सोपं नाही.

पण मला सिनेमा पाहताना सारखी एका माणसाची आठवण येत होती, आणि तो त्यात कुठेच नाही. डोनाल्ड टेव्हज. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठात हा संशोधक रक्तातलं फ्लोराइड मोजत होता. दात किडू नयेत म्हणून नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालावं की नाही, यावर तेव्हा अमेरिकेत रणं माजली होती. टेव्हजच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. रक्त तसंच मोजलं तर फ्लोरिन कमी भरायचं, आणि तेच रक्त जाळून राख करून मोजलं तर जास्त. दुसरा कोणी असता तर मोजणीतली चूक म्हणून सोडून देता. टेव्हजने १९६८मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं की माणसाच्या रक्तात फ्लोरिन दोन रूपांत असतं, आणि त्यातलं एक जाळल्याशिवाय सुटतच नाही, इतकं घट्ट बांधलेलं असतं. पुढे वॉरन गाय आणि वॉलेस ब्रे यांच्यासोबत त्याने पाच शहरांतल्या रक्तपेढ्यांमधले नमुने तपासले. पाण्यात फ्लोराइड असो वा नसो, हे दुसरं फ्लोरिन सगळीकडे सापडत होतं, आणि त्याची खूण पीएफओएसारखी दिसत होती. १९७५मध्ये त्यांनी ही रसायनं बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीला फोन करून विचारलं की हे कुठून येत असावं. कंपनीने कानावर हात ठेवले. टेनंटच्या गाई मरायला लागण्याच्या कितीतरी आधी, एका विद्यापीठातल्या राखेच्या चिमटीत हा सगळा खटला येऊन पडला होता.

वीसेक वर्षांनी थ्रीएमच्याच प्रयोगशाळेत क्रिस हॅन्सन या रसायनतज्ज्ञ बाई तिथवर पोचल्या. कामगारांच्या रक्तात पीएफओएचं भावंड पीएफओएस सापडत होतं. तुलनेसाठी म्हणून त्यांनी सर्वसामान्य लोकांचं रक्त रक्तपेढीतून मागवलं, तर त्यातही तेच. आधी त्यांना यंत्रच बिघडल्यासारखं वाटलं. मग सुरू झाला स्वच्छ रक्ताचा शोध. ते मिळालं कुठे? कोरियाच्या युद्धाच्या सुमारास अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या जवानांच्या, जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांत. ही रसायनं बाजारात पसरण्यापूर्वीचं ते रक्त होतं. ही गोष्ट मी कितीही वेळा वाचली तरी अंगावर काटा येतो. निरोगी म्हणजे काय हे ठरवायला विज्ञानाला भूतकाळात जावं लागलं.

पीएफओए मिसळलेलं पाणी प्यायलेल्या लोकांसाठी बिलॉटने लढलेल्या खटल्यातला सगळ्यात धाडसी डाव सिनेमात येतो, पण घाईने येतो. २००४च्या तडजोडीत ठरलं की दोन्ही बाजूंना मान्य असलेले तीन साथरोगतज्ज्ञ पीएफओए आणि आजारांचा संबंध तपासतील. संबंध संभवतो असं ते म्हणाले, तर कंपनीने तो मुद्दा कोर्टात पुन्हा उकरायचा नाही. नाही म्हणाले, तर लोकांनी त्या आजारावरून दावा लावायचा नाही. टोनी फ्लेचर, डेव्हिड सॅव्हिट्झ आणि काइल स्टीनलँड हे ते तिघं. त्यांना माणसं हवी होती, ढिगाने. तडजोडीचे पैसे नुसते वाटून न टाकता त्यातून माणशी ४०० डॉलर देऊन रक्त गोळा केलं गेलं, आणि सुमारे ६९ हजार माणसं रांगेत उभी राहिली! त्यांच्या रक्तातलं पीएफओएचं मध्यक प्रमाण मिलिलिटरला २८ नॅनोग्रॅम निघालं, बाकीच्या अमेरिकेत ते ४च्या आसपास होतं.

मूत्रपिंडाचा कर्करोग पार्कर्सबर्गबाहेरही होतो. मग अमक्याचा कर्करोग पाण्यामुळेच, हे कसं म्हणायचं? इथे नशिबाने साथ दिली. दूषित पाण्याच्या सहा योजना होत्या आणि प्रत्येकीतलं प्रमाण वेगळं. लंडनच्या जॉन स्नोने १८५४मध्ये पंपाचा दांडा काढायला लावला ही गोष्ट सगळे सांगतात, पण त्याचं खरं मोठं काम दोन पाणी कंपन्यांच्या गिऱ्हाइकांमधल्या कॉलऱ्याची तुलना हे होतं. पार्कर्सबर्गपाशी ओहायो नदीकाठी तोच प्रयोग दीडशे वर्षांनी, रक्ताच्या नमुन्यांसह पुन्हा झाला. कोण कुठे किती वर्षं राहिलं, कारखान्याने कोणत्या वर्षी किती सोडलं, यावरून प्रत्येकाच्या पोटात किती गेलं याचा हिशेब मांडला. सात वर्षं लागली. २०१२पर्यंत सहा आजार नक्की झाले: मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, वाढलेलं कोलेस्टेरॉल, गरोदरपणातला रक्तदाब आणि मोठ्या आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस. २०१७मध्ये साडेतीन हजारांवर दावे ६७ कोटी १० लाख डॉलरना मिटले. विल्बर टेनंट २००९मध्येच गेला होता. २०२३मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पीएफओएला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

अमेरिकेने २०२४मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी ठरवलेली मर्यादा आहे लिटरला ४ नॅनोग्रॅम. हा आकडा डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून मी कोयना धरणावर हिशेब करून पाहिला. १०५ टीएमसीचं भरलेलं धरण या मर्यादेला टेकवायला किती पीएफओए लागेल? सुमारे १२ किलो. एक माणूस खांद्यावरून नेईल एवढं. आणि वीज करून झाली की कोयनेचं तेच पाणी वाशिष्ठीत उतरतं, लोट्याच्या शेजारून दाभोळच्या खाडीला मिळतं.

त्रिस्सिनोच्या कारखान्याने व्हेनेतो प्रांतातल्या तीन लाखांहून जास्त लोकांचं पाणी नासवलं. २०१३मध्ये ते उघड झालं आणि जून २०२५मध्ये व्हिचेन्झाच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. त्याच यंत्रांवर लोट्यात काय होईल हे यंत्रं बघून सांगता येत नाही. ते पाणी आणि रक्त मोजूनच सांगता येतं, आणि मोजायला आधीचा आकडा लागतो. पार्कर्सबर्गला तो नव्हता. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या २०१२च्या मानकात पीएफओएचं नावही नाही, म्हणजे नेहमीच्या तपासणीत ते शोधलंच जाणार नाही.

म्हणून माझी कळकळीची मागणी आहे. घाणेखुंट, आवाशी, कोतवलीच्या विहिरींचं आणि करंबवण्याच्या खाडीचं पाणी या रसायनांसाठी आत्ताच तपासावं. आजूबाजूच्या गावांतल्या काही शे माणसांचं रक्त, त्यांच्या संमतीने, आत्ताच घेऊन गोठवून ठेवावं. हे काम कोकणाच्या आवाक्यातलं आहे, डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने किशोरवयीन मुलींचा दीर्घकाळ चालणारा अभ्यास उभा केलाच आहे. तुमचं गाव त्या भागात असेल तर येत्या ग्रामसभेत एवढंच विचारा: आमच्या पाण्यात पीएफओए किती आहे, कुणी मोजलं, आणि कोणत्या तारखेला?