गोधडीवरचे खेळ आणि आजींची आठवण

आमच्या वस्तीतल्या एक आजी सकाळी जेवल्याचे दुपारी विसरतात. सुनेला कधी ओळखतात, कधी "तू कुणाची गं?" असे विचारतात. मागच्या हिवाळ्यात सुनेने जुनी लुगडी काढून गोधडी शिवायला घेतली. मी एका चौकोनावर खडूने ठिकऱ्यांची घरे आखली आणि आजींच्या हातात दोरा ओवलेली सुई दिली. धावदोरा सरळ पडू लागला. थोड्या वेळाने त्यांनी हिरव्या कापडाचा एक तुकडा घरांच्या बाहेर, कडेला ठेवला. म्हणाल्या, "ही मी हाय. बारका भाऊ कडेवर. मला कुठं खेळायला मिळायचं?"

सुनेने हे पहिल्यांदाच ऐकले.

असे का होते?

नवी आठवण साठवण्यासाठी मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग लागतो. अल्झायमर या विसरण्याच्या आजारात त्याला सुरुवातीलाच इजा होते. म्हणून सकाळचे जेवण आठवत नाही, पण लहानपणीची लगोरी, विटीदांडू, सागरगोटे बराच काळ आठवतात. हाताची सवय मेंदूचे दुसरे भाग सांभाळतात. त्यामुळे माणसांची नावे विसरलेल्या बाईलाही टाका घालता येतो.

म्हातारी माणसे जुने तेच तेच बोलतात, याला पूर्वी डॉक्टरही दोष समजत. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी 1963 साली मांडले की, हा आयुष्याचा हिशेब लावण्याचा स्वाभाविक प्रयत्न आहे. पुढे जुन्या वस्तू, फोटो, गाणी समोर ठेवून बोलते करण्याची पद्धत सुरू झाली. त्याने काहींचे मन रमते, बोलणे वाढते. फायदा बहुधा थोडाच असतो आणि आजार बरा होत नाही. डॉक्टरांनी दिलेली औषधे चालूच ठेवायची.

घरी कसे कराल?

• अख्खी गोधडी नको. हातरुमालाएवढा चौकोन घ्या. जुने सुती कापड धुऊन, उन्हात वाळवून वापरा.
• एका वेळी एकच खेळ घ्या. "आठवतं का?" असे विचारून परीक्षा घेऊ नका. "ठिकरी कशाची करायचा, आजी?" असे विचारा.
• दुरुस्त करू नका. त्या सुनेला हिरवा तुकडा घरांच्या आत घ्यायचा होता. मी म्हटले, त्यांनी ठेवला तिथेच राहू दे.
• उजेडात बसवा, पाठीला टेकू द्या, अर्ध्या तासाने उठवा. सुया मोजून द्या, मोजून परत घ्या. साखरेच्या आजारात बोटे बधिर झाली असतील तर सुई टोचलेली कळत नाही. अशांना तुकडे निवडू द्या, टाका तुम्ही घाला.
• विहारात दुपारी चार जणी मिळून बसल्या तर एकीच्या बोलण्यातून दुसरीला आठवते.

रडू आले तर?

आपल्या कितीतरी आज्यांचे लहानपण खेळात गेले नाही. कुणी भावंडे सांभाळली, कुणी शेण गोळा केले, कुणाला खेळात घेतलेच नाही. आठवण कडू निघाली तर "जाऊ दे, विसरा" म्हणू नका आणि खोदून विचारूही नका. हात धरून बसा, पाणी द्या. पुढचे दिवस जेवण, झोप उडाली तर डॉक्टरांना दाखवा किंवा टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला.

दवाखान्यात कधी न्यायचे?

"वय झालं, असंच असतं" म्हणून सोडू नका. बी-12 ची कमतरता, थायरॉईड, उदासीनता यांमुळेही विसरायला होते आणि त्यांवर उपचार आहेत. कमी ऐकू येत असेल तरी माणूस विसरल्यासारखा वाटतो, म्हणून कानही तपासून घ्या. एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ सुरू झाला, माणूस बरळू लागला, तर त्याच दिवशी न्या. त्यामागे ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, साखर कमी होणे किंवा डोक्याला लागलेला मार असू शकतो.

आजी जे सांगतील ते वहीत लिहून ठेवा. उद्या त्या विसरल्या, तर वाचून दाखवता येईल.