ताप उतरला, पण हिवताप गेला काय?

पावसाळ्यात धानोरा-एटापल्लीकडच्या गावांतून हा प्रसंग पुष्कळदा पाहावयास मिळतो. पोराला थंडी वाजून ताप येतो. पॅरासिटामॉलची गोळी दिली की घाम फुटतो, ताप उतरतो, पोर उठून बसते. आई म्हणते, "आता रक्त कायला तपासायचं?" परंतु गोळीने उतरला तो ताप, रक्तातला हिवतापाचा जंतू तसाच राहिला. तो आतल्या आत वाढून जीवही घेऊ शकतो. ताप हे लक्षण. जंतू हे मूळ.

हाच फरक म्हातारपणच्या एका रोगातही ध्यानी घ्यावा. घरचा आजा आधी ठेवलेली वस्तू विसरतो, मग रोजची वाट चुकतो, शेवटी पोटच्या लेकराचे नाव विसरतो. जर्मनीतील डॉक्टर अल्झायमर यांनी १९०६ मध्ये या रोगाचे वर्णन केले. त्यांचेच नाव त्याला पडले. यात मेंदूतील पेशी हळूहळू मरतात आणि पेशीपेशींत निरोप पोचविणारे एक रसायन कमी पडते. डोनेपेझिल हे औषध ते रसायन टिकवून धरते. काही रोग्यांना त्याने काही काळ आराम पडतो. पण पेशींचे मरणे थांबत नाही. म्हणजे हे औषध तापाच्या गोळीच्या जातीचे.

मग मुळावर औषध नाही काय? रोग्याच्या मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाची पुटे साचतात. तेच मूळ असावे असे धरून ती काढणारे लेकानेमॅब हे औषध निघाले. २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला पूर्ण मान्यता मिळाली. पुटे पुष्कळशी निघाली, परंतु रोग थांबला नाही. सुरुवातीच्या अवस्थेतील रोग्यांची घसरण दीड वर्षात सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली, इतकेच. शिवाय काहींच्या मेंदूत सूज येते वा रक्तस्राव होतो. हिवतापाचे मूळ माणसाला पक्के सापडले आहे. या रोगाचे अजून पुरते हाती आलेले नाही.

म्हणून "मुळापासून बरे करतो" असे सांगून कोणी पैसे मागितले, तर शेत गहाण टाकू नका. पण आजाला डॉक्टरकडे अवश्य न्या. थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा मनाची उदासी यांनीही विसर पडतो, आणि त्यांवर इलाज आहे. तसे नसले, तरी लक्षण हलके करणे हे काही कमी काम नव्हे. नातवाचे नाव आजाला आणखी काही दिवस आठवले, तर घराला ते मोलाचेच.

गुरुजींनी मात्र वर्गात एवढा एक प्रश्न विचारावयास शिकवावे: हे औषध ताप उतरविते, की जंतू मारते?