अंधारातली ऊब हेरणारा कॅमेरा

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ऑक्टोबर-नोव्हेंबर हा हरणांच्या माजाचा काळ. एरवी झाडीच्या आडोशाने वावरणारी पांढऱ्या शेपटीची हरणं या दिवसांत बेभान होऊन पळतात. त्यातच नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे घेतली जातात आणि ऑफिसातून घरी परतायची वेळ नेमकी तिन्हीसांजेवर येऊन पडते. या एका राज्यात हरीण आणि वाहनाच्या टकरी वर्षाला ५० हजारांच्या वर नोंदल्या जातात. एक हरीण रस्ता ओलांडून गेलं की लगेच वेग वाढवायचा नाही, मागून दुसरं येतंच, हे तिथे नव्याने गाडी चालवणाऱ्याला आधी सांगितलं जातं. त्यात डेट्रॉइटच्या आसपास स्थायिक झालेली मराठी मंडळीही आली.

मोटारीत थर्मल कॅमेरा पहिल्यांदा बसवला तोही डेट्रॉइटच्याच कंपनीने. जनरल मोटर्सने २००० सालच्या कॅडिलॅक डेव्हिलमध्ये सुमारे दोन हजार डॉलर जादा घेऊन ‘नाइट व्हिजन’ द्यायला सुरुवात केली. कॅमेरा होता रेथिऑन या शस्त्रास्त्रं बनवणाऱ्या कंपनीचा. डिपरवर दिसतं त्याच्या तीन ते पाच पट लांबचं दिसेल, असा दावा होता.

या कॅमेऱ्याला उजेड लागतच नाही. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकत असते. माणसाच्या किंवा जनावराच्या अंगातून निघणाऱ्या या किरणांची तीव्रता साडेनऊ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असते. कॅमेऱ्यातल्या चिपवर सूक्ष्म पापुद्र्यांची जाळी असते. आजच्या चिपमध्ये असा एकेक पापुद्रा जेमतेम १२ मायक्रोमीटर रुंदीचा, बारीक पायांवर अधांतरी उभा केलेला. त्यावर व्हॅनेडियम ऑक्साइडसारख्या पदार्थाचा लेप असतो. किरण पडले की पापुद्रा किंचित तापतो, त्याचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून चित्र तयार होतं. एका अंशाच्या विसाव्या भागाएवढा फरकही त्याला कळतो.

गंमत म्हणजे, आपल्याला आरपार दिसणारी काच या किरणांना अडवते. म्हणून हा कॅमेरा विंडशील्डच्या आत बसवून चालत नाही. तो पुढच्या जाळीत, चिखल-बर्फाच्या माऱ्यात ठेवावा लागतो. त्याचं भिंग बहुधा जर्मेनियमचं असतं. ते हातात घेतलं तर करड्या धातूची चकतीच वाटते, पलीकडचं काही दिसत नाही.

थंडी या कॅमेऱ्याच्या पथ्यावर पडते. रस्ता, झाडं, कुंपण सगळं गारठलेलं असताना जिवंत अंग त्यात दिव्यासारखं उठून दिसतं. जाड कोट घातलेल्या माणसाचं धड जरा फिकं दिसतं, कारण ऊब कोटाच्या आतच राहते. चेहरा मात्र लखलखतो. उलट मे महिन्यात नागपूरला भर दुपारी डांबर माणसापेक्षा कितीतरी जास्त तापलेलं असतं, तेव्हा पडद्यावर माणूसच रस्त्यापेक्षा काळा दिसेल.

धुक्याच्या बाबतीत मात्र जाहिरातींवर फार विसंबू नये. धूर आणि विरळ धुरकं यांचे कण या किरणांच्या तरंगलांबीपेक्षा बरेच बारीक असतात, त्यामुळे किरण सुखरूप पार होतात. पण उत्तर भारतात डिसेंबर-जानेवारीत पडतं तसल्या दाट धुक्यातले थेंब दहा मायक्रोमीटरच्या घरातले किंवा मोठेही असतात. शिवाय पाणी हे किरण शोषून घेतं. तिथे साध्या डोळ्यापेक्षा थोडंफार जास्त दिसेल, एवढंच. रस्त्यावर गोठलेला बर्फाचा पारदर्शक थरही कॅमेऱ्याला सहसा कळत नाही; खालचं डांबर आणि वरचा बर्फ सारखेच थंड.

कॅडिलॅकचा प्रयोग काही वर्षांतच गुंडाळला गेला. किंमत हे एक कारण होतंच, पण माझ्या मते खरी अडचण वेगळी होती: ताशी शंभरच्या वेगाने जाणारा माणूस रस्ता बघेल की काळं-पांढरं चित्र? होंडाने २००४ मध्ये जपानी बाजारातल्या लेजंड मोटारीत हे ओळखलं. तिथे संगणकच चित्रातला पादचारी शोधून चालकाला सावध करू लागला. आता गाडीने स्वतःच ब्रेक लावावा इथपर्यंत मजल गेली आहे. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये केलेल्या नियमात नव्या मोटारींना स्वयंचलित ब्रेकसाठी सप्टेंबर २०२९ची मुदत घातली आणि अंधारातही पादचारी ओळखता आला पाहिजे, अशी अट टाकली. थर्मल कॅमेराच हवा असं नियम म्हणत नाही, पण तो बनवणाऱ्यांचे डोळे साहजिकच त्या अटीकडे लागले.

आपल्याकडे हिवाळा म्हणजे उसाचा गळीत हंगाम. रात्री साखर कारखान्याच्या रस्त्यावर टेललॅम्प नसलेली ट्रॉली अचानक पुढ्यात येते, तेव्हा हा कॅमेरा कितपत कामाला येईल? ट्रॅक्टरचं इंजिन आणि सायलेन्सर तापलेले, पण ते उसाच्या भाऱ्यापलीकडे. मागून येणाऱ्याला दिसतील ती चालून तापलेली टायरं. ट्रॉली पंक्चर होऊन, चाकाला दगडाची उटी लावून दोन तास उभी असेल तर तीही गार झालेली. जॅक लावत बसलेला माणूस पडद्यावर लख्ख दिसेल, पण त्याच्या डोक्यावरचा टनावारी ऊस हवेइतकाच थंड, म्हणून आजूबाजूच्या अंधारात विरून जाईल. त्याला मागे लाल रिफ्लेक्टरची पट्टीच हवी, तीही चिखलाने न माखलेली.