लग्नाच्या अल्बममधली माणसं



तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे लगीनसराई सुरू होते. फोटोवाला ठरतो, शूटिंगवाला ठरतो, आता तर गावोगावी ड्रोनही उडतात. खर्च ज्याच्या त्याच्या ऐपतीचा. कर्ज काढून ड्रोन उडवू नये, एवढंच आम्ही म्हणू. आज बोलायचंय ते लग्न उरकल्यावर त्या फोटोंचं आणि शूटिंगचं काय होतं, याबद्दल.

आपल्या आजीचे, पणजीचे घरात किती फोटो आहेत, आठवून बघा. बहुतेक एकच असतो आणि तो लग्नातला. पुष्कळदा तोही तिच्या स्वतःच्या लग्नातला नसतो, कारण तेव्हा गावात फोटोवाला यायचाच नाही. दिराच्या नाहीतर मुलाच्या लग्नात, मागच्या रांगेत, डोक्यावर पदर घेऊन ती उभी असते. म्हणून अल्बम म्हणजे नुसता नवरा-नवरीचा ठेवा नव्हे. घरातल्या सगळ्या बायका एका ठिकाणी दिसतात, अशी दुसरी जागा घरात सापडत नाही.

पण त्या कोण, हे कुठं लिहिलेलं असतं? आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर नवरीचं नवं नाव लिहायची चाल बऱ्याच घरांत होती, काही घरांत अजून आहे. माहेरचं नाव तिथंच संपलं. पुढं ती 'अमक्याची आई' झाली, मग 'मोठी काकू' झाली. तिला ओळखणारं शेवटचं माणूस गेलं की फोटोत नुसती एक लुगडं नेसलेली बाई उरते. तेव्हा घरात जे जाणतं माणूस आहे, त्याला आजच अल्बम दाखवा. प्रत्येकीचं माहेरचं नाव, सासरचं नाव, गाव आणि नातं विचारून घ्या. फोटोच्या मागं बॉलपेननं दाबून लिहू नका, पुढं उमटतं. वहीत लिहा, फोटोला नंबर द्या.

अल्बम बघताना आणखी एक गोष्ट बघा: त्यात कोण नाही? नवरीची आई विधवा असली तर हळदीत ती दिसत नाही. ती चुलीपाशी असते, नाहीतर दाराआड. ज्या बाईनं लेकीला एकटीनं वाढवलं, तिचाच फोटो नाही! कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. ठराव कागदावर झाला, पण हळदीच्या फोटोत तिला पुढं बोलावणं हे आपलंच काम आहे. फोटोवाला ज्याला उभं करा त्याचा फोटो काढतो.

आता शूटिंगचं. घाणा भरताना, हळद लावताना म्हाताऱ्या बायका ओव्या म्हणतात, नावं गुंफून गाणी रचतात. शूटिंगवाला ते सगळं टिपतो आणि नंतर मूळ आवाज काढून त्यावर सिनेमाचं गाणं चढवतो. आजीचे ओठ हलताना दिसतात, ऐकू येतं ते दुसरंच! हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या बायकांचं म्हणणं आज वाचता येतं, ते कुणीतरी लिहून घेतलं म्हणून. आपल्या मांडवातल्या ओव्यांसाठी तर फोन पुरतो. शूटिंगवाल्याला आधीच सांगा, की गाणी चढवलेल्या फिल्मसोबत मूळ आवाजाचं सगळं शूटिंगही पेनड्राइव्हवर हवं. शिवाय एखाद्या भाचीला आजीजवळ फोन घेऊन बसवा.

फोटोचा व्यवहारातही उपयोग आहे. ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद करताना लग्नपत्रिका, साक्षीदार आणि लग्नाचा फोटो लागतो. नवऱ्यानं उद्या 'लग्नच झालं नाही' म्हटलं, तर हेच कामाला येतं. पण नुसत्या फोटोवर विसंबू नका. नोंद ९० दिवसांच्या आत करून घ्या आणि दाखल्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. अल्बम सासरी राहतो, म्हणून थोडे फोटो माहेरीही असू द्या.

जुन्या व्हिडीओ कॅसेटची मात्र घाई करा. पावसाळ्यात टेपला बुरशी धरते. शिवाय ती लावायचं यंत्रच आता मिळत नाही. जगात शेवटपर्यंत व्हीसीआर बनवणाऱ्या जपानी कंपनीनं २०१६ साली ते काम बंद केलं. तालुक्याच्या गावात अजून कुणी कॅसेटवरून पेनड्राइव्हवर उतरवून देत असेल, तर या वर्षीच जा. पाच-सहा घरांनी मिळून गेलं तर दरातही सूट मागता येईल. सीडीचंही तसंच, ओरखडा पडला की गेली.

कागदी फोटो ओल्या भिंतीला टांगू नका, पत्र्याच्या पेटीत कोरड्या जागी ठेवा. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकटच त्याचा फोनवर फोटो घ्या. तो दिवसा, सावलीत, फ्लॅश न लावता घ्यायचा. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो बारीक होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला की जसाच्या तसा जातो. फोन हरवतो, पेनड्राइव्ह बिघडतो, म्हणून दोन ठिकाणी ठेवा, दोन वेगळ्या घरांत ठेवलं तर फारच बरं.

बचतगटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातला सगळ्यात जुना लग्नाचा फोटो आणावा. हप्ते जमा झाले की अर्धा तास त्याला द्या. लिहिता येणाऱ्या मुलीला वही घेऊन बसवा. एकीला न ओळखलेली बाई दुसरीच्या नात्यातली निघेल, कारण आपल्या पंचक्रोशीत सोयरीक फिरून फिरून त्याच घरांत होते.