उपग्रहाची नजर आणि आदिलाबादची वने

पैनगंगेच्या दक्षिणेस पसरलेल्या आदिलाबाद जिल्ह्यातील सागवनांत घडणारे बदल आता उपग्रह-प्रतिमांवरून अभ्यासता येतात. हिरवे पान डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. कृत्रिम रंगांच्या प्रतिमेत म्हणूनच दाट वन लाल दिसते. मात्र उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो आणि उभे जंगलही तोडल्यासारखे भासते. उलट आश्विनातील कपाशीचे शेत लालच दिसते! यास्तव निरनिराळ्या वर्षांच्या, परंतु एकाच महिन्यातील प्रतिमा ताडून पाहणे व प्रत्यक्ष जागेवर पडताळणी करणे अगत्याचे ठरते.

गोंड व कोलाम बांधवांना वनहक्क कायद्यान्वये १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा कब्जा सिद्ध करावा लागतो. तेथे उपग्रह-प्रतिमा केवळ पूरक पुरावा होय, असे २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट केले आहे. शेताचे बांध, झोपडी, वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हेही पुरावेच आहेत.