वऱ्हाडातला उंट परका नाही
उंटासोबतची रात्र म्हटली की जैसलमेर आठवतं. पण पीक निघालेल्या वऱ्हाडी शिवारातही कच्छी रबारी मेंढपाळांचे डेरे पिढ्यान्‌पिढ्या पडतात. उंटाच्या पाठीवर उलटी बांधलेली खाट, तिच्यात भांडीकुंडी, कोकरं, कधी लेकरंही. हे पर्यटन नव्हे, संसार आहे. तो न ओळखल्याने काय होतं, ते जानेवारी २०२२मध्ये दिसलं: कत्तलीच्या तक्रारीवरून तळेगाव दशासर पोलिसांनी ५८ उंट ताब्यात घेतले, अमरावतीच्या गोरक्षणात ठेवले, पुढे न्यायालयाने ते सोडले. वाळवंटातल्या जनावराचे काळ्या मातीत हाल होतात, हा आक्षेप पावसाळी चिखलापुरता खरा. एरवी बाभूळ-बोरीच्या पाल्यावर ते इथे पोसतं, आणि लेंडीखतासाठी वावरात मेंढ्या बसवणाऱ्या शेतकऱ्याला हा डेरा हवाच असतो.