वारंवार गर्भपात आणि तरुणपणीचा पक्षाघात

अंगावरून वारे जाणे हा म्हातारपणाचा रोग, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. म्हणूनच पस्तिशीच्या बाईला पक्षाघात झाला की करणी, बाहेरची बाधा असली कुजबुज सुरू होते. वास्तविक मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली किंवा ती वाहिनी फुटली की पक्षाघात होतो. तरुण वयात गुठळी का व्हावी, याचे एक कारण आपण समजून घेऊ.

रोगजंतूंशी लढणे हे प्रतिकारशक्तीचे काम. काही जणांत मात्र ती आपल्याच शरीरावर उलटते. आमवात, ल्युपस हे असे स्वयंप्रतिकार रोग होत. ल्युपसच्या दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात. दीर्घकाळच्या दाहाने रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते व पक्षाघाताचा धोका वाढतो.

याच गटातला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम हा रोग कधी ल्युपसबरोबर, तर कधी एकटाच येतो. लंडनचे डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ साली त्याचे वर्णन केले. यात विशिष्ट प्रतिपिंडांमुळे रक्त सहज गोठते. गुठळी पायात झाली तर पाय सुजतो, मेंदूत अडकली तर पक्षाघात होतो. गरोदरपणी वारेचे काम बिघडून गर्भ दगावतो. म्हणजे ज्या सुनेला वारंवार गर्भपात झाले म्हणून घरात बोल लावला जातो, तिला कदाचित रक्ततपासणीची गरज असते. ही तपासणी किमान बारा आठवड्यांनी पुन्हा करून निदान पक्के करतात.

यावर उपचार आहेत. गुठळी होऊन गेलेल्यांना रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनसारखी गोळी देतात. गरोदरपणी ती टाळून बहुधा हेपारिनची इंजेक्शने व अल्प मात्रेत अॅस्पिरिन देतात. यामुळे अनेक स्त्रियांची बाळंतपणे सुखरूप होतात. बरे वाटले म्हणून गोळ्या मनाने बंद करू नयेत, मनाने सुरूही करू नयेत. रक्तदाब सांभाळावा, तंबाखू व मिश्री सोडावी.

तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसले, तर उतारा उतरवीत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

कारणावाचून काही घडत नाही, हे तथागतांनी आपल्याला शिकवले. घरातल्या आजारी स्त्रीच्या बाबतीतही आपण आधी कारण शोधू या. तिला दोष देणे थांबले, तरच ती वेळेवर दवाखान्यात पोहोचेल.